गुळगुळीत ताडपत्र

खूप खूप जुनी गोष्ट आहे, डोंगर झोपेत कूस बदलत असत तेव्हाची. मुलांनो ऐका, आणि मुलांना झोपवायला बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका.

धुक्यातल्या एका गावात एकच झरा होता. रोज सकाळी त्याला एक सूर ऐकवावा लागे, मगच तो खडकातून बाहेर येई. तो सूर झऱ्याची राखण करणाऱ्या एकट्या झरेकऱ्याला ठाऊक होता. सूर ज्याच्या हाती, पाणी त्याचं; म्हणून तो कुणालाही सांगायचा नाही, अशी राजाची सक्त ताकीद होती. झरेकऱ्याने तो बायकोलाही सांगितला नव्हता, आणि त्यावरून तिचे टोमणे रोज ऐकत होता.

त्या काळी पत्रं ताडपत्रावर कोरत. वेशीवर एक मैना बसे. आलेल्या प्रत्येक पत्रावरून ती चालत जाई आणि पायांनी अक्षरं वाची. कुणी लबाडीने सूर मागितला असेल, तर पत्र सरळ ओढ्यात टाकी. मैना हुशार होती, आणि तिला ते जरा जास्तच ठाऊक होतं.

एके दिवशी एक पान आलं. मैना त्यावरून चालली, पण पायाला काहीच लागलं नाही.

"चित्र दिसतंय," ती म्हणाली आणि तिने ते जाऊ दिलं.

चित्रच होतं ते, पण पत्राचं चित्र! वर राजाची सोनेरी मुद्रा रंगवलेली, खाली रंगवलेल्या ओळी: 'राखणदारा, मावळतीच्या आत या पानाला कुठेही बोट लाव आणि सूर ऐकव. नाहीतर झरा कायमचा आटेल.'

झरेकरी घाईघाईने पान पुढ्यात घेऊन बसला. त्याने बोट लावताच पान दारासारखं उघडलं. आत चांदण्याचा दरबार तरंगत होता. कुणीतरी मधाळ आवाजात म्हणालं, "गा ना." आणि तो गाऊ लागला.

अर्धा सूर झाला असेल, तोच बायकोने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिला डोळ्यांनी कमी दिसे, म्हणून ती पत्रं बोटांनी वाचायची.

"अहो, कुणाला ऐकवताय?"

"राजाला! हे बघ ना, पत्र आलंय."

तिने पान चाचपलं. "यात अक्षर कुठाय एक तरी? नुसतं गुळगुळीत आहे. आणि ज्याने सूर लपवायला सांगितला, तोच कशाला मागेल? उठा, आपल्या नेहमीच्या वाटेने जाऊन राजालाच विचारू."

दोघं राजधानीत गेली. राजा चकित झाला. "मी तर पत्रच पाठवलं नाही!"

परत येऊन बघतात तो अर्ध्या सुरावर चोराने अर्धा झरा नेला होता. झरेकरी खडकापाशी बसून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून त्याने उरलेल्या पाण्याला नवा सूर शिकवला.

तेव्हापासून त्या गावात दोन घागरींच्या जागी एकच घागर भरते. आणि झरेकरी आपली घागर सगळ्यात शेवटी भरतो.

बोध: जे पत्र घाई लावून गुपित मागतं, त्याला बोटही लावू नये, ज्याच्या नावाने ते आलं, त्यालाच आपल्या ओळखीच्या वाटेने जाऊन विचारावं.