ओठावर पारखलेली नळी

घाटमाथ्यावरच्या एका गावात फार पूर्वी एक कासार राहायचा. तांब्या-पितळेची भांडी घडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची बायकोही कासाराचीच लेक, पण तिचे आप्पा भांडी घडवत नसत, ते बांगड्या भरत. माहेरी काच, सासरी तांबं.

माहेर होतं घाटाखाली. बैलगाडीने एका दिवसाची वाट. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि सात वर्षं तिचं पाऊल घाट उतरलं नाही. सकाळी अंगण सारवताना ती कडेपाशी थांबायची. खाली नुसतं धुकं. त्या धुक्यात आप्पा आत्ता पेटी उघडून बसले असतील, कुणा सासुरवाशिणीचा हात हातात घेऊन म्हणत असतील, "सैल सोड गं बाई, सैल सोड…" एवढं मनात आलं की हातातलं शेण वाळून जायचं, पण तिथून पाय निघायचा नाही.

त्या चातुर्मासात तिने लक्ष वातींचा नेम धरला. "देवा, त्रिपुरी पौर्णिमेला तुझ्यापुढे लाख वाती लावीन. मला एकदा आप्पांना डोळेभर बघू दे." सासूबाईंचे पाय चेपून झाले की ती वाती वळत बसायची.

पौर्णिमा आठ दिवसांवर आली आणि खालून निरोप आला. आप्पांची लघवी अडली होती, थेंब थेंब होत होती. वैद्यांनी बोरूची नळी घालून पाहिली, तर रक्त आलं. आप्पांनी हातच जोडले, "आता नळी नको. व्हायचं ते होऊ दे."

वैद्यांनी निरोपात सांगितलं होतं, "चांदीची, गुळगुळीत नळी कुणी घडवून दिली तर निभावेल. पण पौर्णिमेच्या पुढचा भरवसा मी देत नाही."

तिने कमरेचा चांदीचा छल्ला काढून नवऱ्यापुढे ठेवला. कासाराने जीव ओतून नळी घडवली. गव्हाच्या काडीएवढी बारीक, पुढे किंचित बाक, टोक बंद आणि जोंधळ्याच्या दाण्यासारखं गोल, बाजूला एक छोटं छिद्र. हातात धरायच्या शेवटाला त्याने नाजूक वेलही कोरली.

चतुर्दशीला सकाळी भाऊ गाडी घेऊन दारात हजर. "अक्का, चल लवकर. दिवस मावळायच्या आत पोचायला हवं. आप्पा सारखे दाराकडे बघतायत."

सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गं पोरी. शेजारीण आहे मला." तिने गाठोडं उचललं, नळी घेतली. उन्हात ती अशी लखलखली, की भाऊ म्हणाला, "दाजी, देवाच्या अंगावर घालावी अशी झालीय!"

तिचा एक पाय गाडीच्या चाकावर होता. तेवढ्यात तिला आप्पांची सवय आठवली. प्रत्येक बांगडी भरण्याआधी ते डोळे मिटून ती स्वतःच्या खालच्या ओठावरून फिरवायचे. म्हणायचे, "डोळा चकाकीला भुलतो, ओठ भुलत नाही." जन्मात त्यांच्या हातून एका मनगटावर ओरखडा उठला नव्हता.

तिने डोळे मिटले, नळी ओठावरून फिरवली. टोक लोण्यासारखं सरकलं. छिद्रापाशी मात्र बारीकसं कुसळ लागावं तसं टोचलं.

ती खाली उतरली. "अहो, छिद्राची कड बोचतेय."

कासाराचा चेहरा उतरला. "पंचक्रोशीत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही. बघ तरी, कुठे काही दिसतंय?"

"दिसत नाही, म्हणून तर राहिलं. भांड्याला एक दिसायची बाजू असते, एक आतली. हिला सगळी आतलीच बाजू."

"अगं, पण तिथे माझी कानस पोचत नाही."

भाऊ वैतागला. "सात वर्षं सासूबाई आडव्या आल्या, आज छिद्र आडवं आलं! आप्पांना काय सांगू? गाडीत बसून घास काय घासायचं ते."

"हलत्या गाडीत एक ओरखडा आणखी पडेल, भाऊ. आपण उद्या तांबडं फुटताच निघू."

"आणि उद्यापर्यंत त्यांचं काही…" त्याने वाक्य पुरं केलं नाही. तिने ते पुरं ऐकलं.

ती देवघरात गेली. वातींच्या परडीजवळ शेवटचा कापूस उरला होता, उद्याचे लाख पुरे करणारा. तिने तोच उचलला. त्याचे घट्ट पीळ दिले, तेलात बुडवले, वस्त्रगाळ राखेत लोळवले. कासाराने नळी लाकडाच्या चिमट्यात धरली. तिने छिद्रातून पीळ ओवला, मागच्या तोंडातून बाहेर काढला आणि हळूहळू मागेपुढे ओढू लागली. एक पीळ झिजला की दुसरा. मधूनमधून नळी धुवायची, डोळे मिटायचे, ओठाला लावायची. अजून बोचतंय. पुन्हा. भाऊ गाडीच्या जुवावर बसून घाटाकडे बघत राहिला. ऊन कलता कलता तिने नळी ओठावरून फिरवली, तर छिद्र कुठे आलं नि कुठे गेलं, कळलंच नाही. तोवर परडीजवळचा कापूस संपला होता.

पौर्णिमेच्या तिसऱ्या प्रहरी गाडी माहेरी पोचली. आप्पा खाटेवर, पोट फुगलेलं, ओठ कोरडे. "आलीस? ये, आधी बघू दे तुला."

"आधी नळी, आप्पा."

"ते नाव नको काढूस, पोरी."

तिने नळी धुऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओठावर ठेवली. डोळे मिटले. टोक, बाक, छिद्र, पुन्हा छिद्र.

"वैद्यांना बोलव," आप्पा म्हणाले.

वैद्यांनी नळी उकळत्या पाण्यात घातली, निवू दिली, साजूक तूप लावलं. ती दाराबाहेर थांबली. आतून आप्पांचा कण्हण्याचा आवाज आला, तशी ती दाराला गाल लावून म्हणाली, "सैल सोडा, आप्पा, सैल सोडा. बांगडी जाते तशी जाईल."

मग पितळी भांड्यात धार पडल्याचा आवाज. वैद्य म्हणाले, "रक्ताचा टिपूस नाही!" आणि ती उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली.

दिवेलागणीला तिने बरोबर आणलेल्या वाती अंगणात देवापुढे लावल्या. आप्पा उशीला टेकून बघत होते. "पुऱ्या लाख झाल्या का गं?"

"थोड्या कमी पडल्या. कापूस नळीला लागला."

"मग त्याही देवापाशीच पोचल्या की." आप्पांनी पेटी मागवली, एक हिरवी बांगडी काढली, डोळे मिटून ओठावरून फिरवली. "आण हात. सात वर्षांच्या भरायच्यात."

मुलांनो, एवढं गाठीला बांधा: जी वस्तू दुसऱ्याच्या अंगात शिरायची, ती आधी आपल्या ओठावर फिरवून बघावी, आणि ज्याच्यासाठी नवस बोललो, त्याच्यासाठी हातही झिजवावेत.