शेलवडीच्या भट्टीपाशी नारळ का फोडत नाहीत

पुढे जे सांगितले आहे त्यातले काहीही मी पाहिलेले नाही. ज्यांनी ते मला सांगितले त्या हौसाबाई ओतारी यांनीही पाहिलेले नाही, आणि त्यांना सांगणाऱ्या त्यांच्या आजेसासूनेही नाही. या घटनेचा कागद मला मिळालेला नाही. साल विचारले तेव्हा हौसाबाई म्हणाल्या, "तुमाला तारीख लागती. माझ्याकडं तारीख न्हाई बाई, माझ्याकडं चिखल हाय." आणि त्या पुन्हा माती तुडवू लागल्या.

आळीत मी पाहिले ते इतकेच. शेलवडी गाव ओढ्याच्या एका काठावर आहे आणि ओतारी आळी दुसऱ्या. आळीतल्या एकाही घराचे दार गावाकडे उघडत नाही. प्रत्येक भट्टीमागच्या भिंतीत एक फळी आहे आणि तिच्यावर न फोडलेले नारळ ओळीने मांडलेले आहेत. साच्यात धातू ओतण्याआधी घरातली एक बाई पदर नाकातोंडाभोवती घट्ट गुंडाळते, घासून लख्ख केलेली काशाची थाळी साच्याच्या हवेच्या भोकावर धरते, तिच्याकडे पाहते, आणि "ओता" किंवा "थांबा" यांपैकी एक शब्द उच्चारते. "थांबा" म्हटले तर तिला कारण विचारत नाहीत. पाहुणा श्रद्धेने नारळ घेऊन आला, तर हौसाबाई तो त्याच्या हातातून काढून घेतात. "हितं फोडायचा न्हाई. ठेवा वर. धातू थिजला की फोडू, मग खोबरं खाऊनच जावा."

ही रीत भागीरथीपासून सुरू झाली, असे सांगतात.

त्या काळी ओतारी आळी गावातच, गढीच्या खालच्या अंगाला होती. गढीच्या देशमुखांनी टेकडीवरच्या भैरवनाथासाठी काशाची मोठी घंटा सांगितली. घंटेचे वजन कोणी सात मण सांगतात, कोणी बारा. धातू वितळवायच्या सहा मुशी भरतील एवढा धातू लागणार होता, याबद्दल मात्र दुमत नाही. एका मुशीला दोन, म्हणजे बारा माणसे. घंटा चैत्रातल्या यात्रेआधी टेकडीवर चढली तर आळीची जागा ओताऱ्यांकडे पिढ्यानपिढ्या राहील, आणि न चढली तर आळी खाली करावी, असे देशमुखांचे बोल होते म्हणे.

काम बहिर्जी ओताऱ्याने अंगावर घेतले. बहिर्जीच्या डाव्या गालावर वाटाण्याएवढे नऊ डाग होते. तरुणपणी बैलाच्या गळ्यातली एक लहानशी घंटी ओतताना तिच्या साच्यात ओल राहिली होती. तापलेला धातू पाण्याला भेटला की पाण्याची क्षणात वाफ होते, तिला आत जागा पुरत नाही, आणि ती धातूला आल्या वाटेने परत फेकते. मुठीएवढ्या साच्याने नऊ डाग दिले होते. हा साचा माणसापेक्षा उंच होता.

साच्याची माती घरातल्या बायका करीत. वारुळाची माती, शेण आणि भाताचा कोंडा एकत्र तुडवायचा. त्याचा गाभा करायचा, गाभ्यावर मेणाची घंटा, मेणावर पुन्हा मातीचे थर. मग साचा भाजायचा. मेण वितळून वाहून जाते आणि घंटेच्या आकाराची पोकळी मागे राहते. बहिर्जीच्या घरी हे काम त्याची सून भागीरथी पाहत असे. माती कुठे ओली, कुठे कोरडी, हे तिला हाताच्या मागच्या बाजूने कळे, असे सांगतात. मला यात चमत्कार दिसत नाही. रोज भाकरी थापणाऱ्या बाईला तवा तापल्याचे कळतेच.

साचा भाजून झाला. तो खड्ड्यात उभा केला, भोवती कोरडी माती ठोकून बसवली, वर फक्त तोंड आणि हवेचे भोक तेवढे उघडे ठेवले. तोंडावर खापरी झाकून भागीरथीला तिथे बसवले. पाऊस नव्हता, दव नव्हते. तरी बहिर्जी म्हणाला, "पोरी, कावळा जरी बसला ह्येच्यावर, तरी मला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. बहिर्जी आणि बाराही माणसे भट्टीपाशी होती; धातू वितळू लागला की ओतारी जाळावरची नजर काढत नाही. त्याच वेळी देशमुखांचे कारभारी अंताजीपंत दोन सेवकांसह खड्ड्यापाशी आले. हातात नारळ होता. कोणतेही काम सुरू करताना नारळ फोडावा, याविषयी त्या काळी शेलवडीतही दुसरे मत नव्हते. भट्टीच्या दगडावर तो नेहमीच फोडत. पंतांना मात्र तो घंटेला वाहायचा होता.

"झाकण काढ गं," ते म्हणाले. "देवाची वस्तू आहे. तिच्या तोंडाला नैवेद्य लागू दे."

"मामंजीस्नी इचारते."

"बहिर्जीला काय विचारायचंय? नारळ देशमुखांचा, घंटा देशमुखांची."

भागीरथीने खापरी काढली. इथे सर्व सांगणारे थांबतात, आणि हौसाबाईही थांबल्या. खापरी तिनेच काढली, हे कोणी लपवत नाही.

पंतांनी साच्याच्या काठावर नारळ आपटला. तो एका फटक्यात फुटला. काही पाणी काठावरून बाहेरच्या मातीत मुरले, काही पंतांच्या धोतरावर उडाले. उरलेले कुठे गेले, ते भागीरथीला दिसले नाही. तिने पदराने काठ पुसला, तोंडात डोकावून पाहिले. आत काळोख होता. पंत प्रसन्न चेहऱ्याने बसायला घोंगडी मागत होते.

तिने आधी नवऱ्याला सांगितले. राणोजी पहिल्या मुशीवर होता, म्हणजे साच्याच्या तोंडाला सर्वांत जवळ तोच उभा राहणार होता. तो घाम पुसत बाजूला आला.

"किती पाणी?"

"म्या बघितलं न्हाई. करवंटीभर असंल, न्हाईतर थेंब दोन थेंब."

"साचा अजून कोमट हाय का?"

"वरनं हाय. आतलं कसं सांगू?"

राणोजीने थोडा विचार केला. "कोमट हाय म्हंजी सुकलं असंल. आबास्नी सांगू नगंस. त्येंचा हात थरथरला तर करवंटीभर पाण्याची गरज न्हाई, आमी तसंच मरू."

हे उत्तर मूर्खपणाचे नव्हते. मूस उचलणाऱ्यांचे पाय ज्याच्या हुकमावर पडतात, त्या माणसाच्या मनात भीती घालणे हाही एक धोका असतो. भागीरथी परत साच्याशी जाऊन बसली. सूर्य वर आला. भात्याचा आवाज वाढत गेला आणि जाळाचा रंग पिवळ्याकडून पांढऱ्याकडे सरकू लागला. तिने काठावर हाताची मागची बाजू ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. काठ कोरडा होता. काठ तिने स्वतःच पुसला होता.

बारा माणसांपैकी एकाने तिची थट्टाही केली म्हणे. "वैनी, साच्याला ताप आलाय व्हय? सारखा हात लावताय!" ती हसली नाही, तेव्हा तो भात्याकडे वळला.

दुपारी बहिर्जीने हाक दिली, "तोंड उघडा!" सहाही मुशी भट्टीतून निघाल्या. लांब सांडशांनी धरलेल्या मुशी घेऊन माणसे दोन-दोनांनी खड्ड्याकडे निघाली. तापलेली मूस फार वेळ धरता येत नाही. हात थकतात आणि धातू थिजू लागतो. राणोजी पहिला येऊन उभा राहिला. भागीरथीने खापरी उचलली, पण ती बाजूला झाली नाही. शिदोरीच्या टोपलीतली काशाची थाळी तिने हवेच्या भोकावर धरली आणि वाकून पाहिले.

थाळीवर बेलाच्या पानाएवढा धूसर डाग उमटला होता.

"मामंजी, थांबा."

सासऱ्याला चारचौघांत "थांबा" म्हणणारी सून त्या आळीने तोवर पाहिली नव्हती. पंत घोंगडीवरून उठून आले. त्यांनी थाळी पाहिली आणि हसले. "अगं, तू तोंड खाली घालून बसलीस! तुझ्याच श्वासाची वाफ आहे ती."

ते खरे असू शकत होते. ती थाळीवर वाकली होती, धावत्या माणसासारखी श्वास घेत होती. तिने थाळी पुसली, श्वास रोखला आणि पुन्हा भोकावर धरली. या वेळी डाग आला नाही.

"कोरडं!" पंत मोठ्याने म्हणाले. "बहिर्जी, यात्रा चार दिवसांवर आली आहे. तुझ्या सुनेच्या वाफेसाठी आळी घालवतोस का?"

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे, कारण सांगणारे ती गाळतात. एव्हाना सहा मुशींच्या झळेने थाळी तापली होती, आणि तापलेल्या थाळीवर वाफ जमत नाही. दुसऱ्या वेळी डाग न येण्याने साचा कोरडा ठरत नाही. पहिल्या वेळी तो येण्यानेही साचा ओला ठरत नाही. बहिर्जीला हे कळले असावे, असे मला वाटते. त्याने थाळीकडे पाहिलेच नाही.

"मामा, धरवत न्हाई आता," मागून कोणीतरी ओरडले. तो बहिर्जीचा भाचा होता असे काही सांगतात.

पंतांच्या घोंगडीपाशी फुटका नारळ होता. तो पाहून बहिर्जीने सुनेला विचारले, "नारळ कुठं फुटला?"

"तोंडावर."

"खापरी कुणी काढली?"

राणोजी म्हणाला, "आबा, ते पंतांनी..."

"तुला न्हाई इचारलं."

"म्या काढली," भागीरथी म्हणाली. "म्या काढली, आन् सकाळधरनं गप बसले."

बहिर्जीने बारा तोंडे एकेक करून पाहिली. त्याला तेवढा वेळ नव्हता, तरी त्याने तो घेतला, असे सांगतात. मग तो म्हणाला, "वाळूत ओता."

भट्टीशेजारी कोरड्या वाळूचा चर होता. सहाही मुशी त्यात रिकाम्या झाल्या. धातू पसरला, लाल झाला, काळवंडला. पंत जाता जाता म्हणाले, "शेलवडीचे ओतारी बाईच्या वाफेला भ्याले, असं उद्या सात गावं म्हणतील." सात गावे तसे म्हणाली. शेजारच्या बाजारात शेलवडीची भांडी मांडली की गिऱ्हाईक थाळीवर फुंकर मारून विचारी, "का रं, घाबरलास का?"

हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेनेही सांगितला जातो. थाळी धरली तेव्हा भागीरथीच्या अंगात देवी आली होती आणि रिकाम्या साच्यातून घंटेचा नाद आला, तो बाराही जणांनी ऐकला. हा भाग सांगताना हौसाबाई आवाज खाली आणतात आणि संपला की लगेच म्हणतात, "आसं बाकीची म्हनत्यात." तो नंतर जोडलेला असावा. देवी आली असती तर पंत गप्प बसले असते, आणि पुढे जे घडले ते घडले नसते.

कारण साचा उकरून पुन्हा भाजायला चार दिवस पुरणार नव्हते, आणि यात्रेला घंटा चढली नाही. देशमुखांनी पुढे ती परगावाहून आणवली. टेकडीवर आज जी वाजते ती तीच, असे पुजारी सांगतात. देशमुखांनी आपला शब्द पाळला. पंधरा दिवसांत ओताऱ्यांनी ऐरणी, भाते आणि माणसे उचलली आणि ओढा ओलांडला. नवी घरे बांधताना बहिर्जीने कोणाचेही दार गावाकडे ठेवू दिले नाही. नव्या भट्टीच्या पहिल्या ओतकामाला कोणीतरी नारळ आणला, तेव्हा तो त्याच्या हातातून भागीरथीने घेतला आणि फळीवर ठेवला. थाळी धरण्याआधी तिने पदर नाकातोंडाभोवती गुंडाळला. त्यानंतर आळीत ते कोणी सोडले नाही.

भागीरथी खूप जगली. तिचे आभार त्या बाराजणांपैकी एकानेही मानले नाहीत, असे हौसाबाई सांगतात. आणि त्यात कृतघ्नता आहे असे त्यांना वाटत नाही. "कशाचं आभार मानायचं? घर गेल्यालं समद्यास्नी दिसत हुतं. जीव वाचला का न्हाई, ते कुणाला म्हाईत?" राणोजीने तिला एकदाच विचारले म्हणे, तेही म्हातारपणी, ओसरीवर बसून: ती वाफ कुणाची होती? ती म्हणाली, "मला कळलं आसतं तर म्या सकाळीच बोलले नसते का?" तोवर कित्येक वर्षे तो पहिल्या मुशीवरच उभा राहिला होता, आणि ती "ओता" म्हणेपर्यंत त्याने कधी पाऊल पुढे टाकले नव्हते.

आजही गावाच्या काठावर, गढीच्या खालच्या अंगाला, त्या दिवशीचा साचा खड्ड्यात उभा आहे. दर वैशाखात आळीतले लोक ओढा ओलांडून येतात, त्यावरचे छप्पर शाकारतात आणि संध्याकाळच्या आत परत जातात. तोंडावर खापरी आहे. आत घंटेच्या आकाराची पोकळी आहे. तीत कधीही धातू गेलेला नाही. तो फोडून पाहावा असे अनेकांनी सुचवले. आळीची त्याला हरकत नाही, फक्त कोणी ते करीत नाही. मधे इतके पावसाळे गेले आहेत की आज तो फोडला तर ओल निघेलच, आणि ती ओल त्या सकाळबद्दल काहीही सांगणार नाही. त्या दिवशी पाणी आत गेले होते की नाही, हे माहीत नाही.