उशिरा दिलेली साद

दोष घाटावरच्या थोरांचा होता, पोराचा नव्हता. शास्त्यांनी कथेला हात घालण्याआधीच हे सांगून टाकले.

त्याचे कारण असे झाले. शास्ते, म्हणजे भिक्षुसंघाचे गुरू, जेतवन विहारात राहत असताना काही थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, एका कोवळ्या श्रामणेराची, नव्याने दीक्षा घेतलेल्या पोराची, तक्रार घेऊन आले. तो भिक्षेच्या निमित्ताने बाहेर पडतो, वेशीजवळच्या गुंडांच्या टोळीत जाऊन बसतो आणि त्यांच्याबरोबर खिदळतो. त्याला हाकलून द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्यांनी विचारले, "त्याच्याशी शेवटचे कोण बोलले?" थेर आठवू लागले. भिक्षापात्र नीट धुतले नाही म्हणून एकाने त्याला सुनावले होते. त्यापलीकडे कोणालाच काही आठवेना. तेव्हा शास्त्यांनी आपल्या एका पूर्वजन्मीची, बोधिसत्त्व असतानाची गोष्ट सांगितली.

वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व गंगेकाठच्या एका नावाड्याच्या घरी जन्मला आणि वय होताच घाटाचा प्रमुख झाला. तिथे नदीचे पात्र इतके रुंद होते की पैलतीरावरचा माणूस ऐलतीरावरून ओळखू येत नसे. म्हणून प्रत्येक नावेची एक साद ठरलेली होती. कोणाची दोनदा आखूड आणि एकदा लांब, कोणाची चढत जाणारी, तर कोणाची मध्येच तुटणारी. पैलतीरावरचा उतारू जी साद घाली, तिचाच नावाडी निघे. एकूण सादी एकवीस. त्यात नवी भर घालायची नाही, आणि बापाची साद बाप गेल्यावर मुलाला मिळायची. ज्याला साद नाही त्याने वीस वर्षे वल्हवले तरी तो दुसऱ्याच्या हाताखालचाच.

बोधिसत्त्वाची साद होती दोनदा आखूड, एकदा लांब. त्याची बायको माहेराहून परतताना पैलतीरावर उभी राहून ती घालत असे, आणि शेवटचा सूर उगीच लांबवत असे. ती जाऊन बरीच वर्षे झाली होती. तरी एखादा परका उतारू शेवटचा सूर जरा लांबवी, तेव्हा म्हाताऱ्याचे वल्हे क्षणभर पाण्यातच राही.

त्याच घाटावर पिंगल नावाचा अठरा वर्षांचा पोर होता. तो पाच वर्षांचा असताना त्याचा बाप पुरात गेला. बापाची साद घाटाच्या पंचांनी त्याच्या काकाला, गोमुखाला दिली. पोर मोठा होईपर्यंत, असे तेव्हा ठरले होते. पोर मोठा झाला. गोमुखाची नाव तोच वल्हवू लागला. पैलतीरावरून त्याच्या बापाची साद येई, पिंगल धावे आणि उतारू उतरताना म्हणत, "गोमुखाला सांग, बरं पोहोचलो."

शेवटी तो पंचांपुढे उभा राहिला. "माझ्या बापाची साद मला द्या."

"मिसरूड तरी फुटू दे नीट," गोमुख म्हणाला. पंच हसले.

"तेरा वर्षं झाली काका."

"तेरा वर्षं तुला खायला कोण घालतंय? की तेही बापच घालतो?"

पंच पुन्हा हसले. एकाने घसा खाकरून सांगितले की घाईने नाव बुडते. थोरांना अशा वेळी म्हणी बऱ्या आठवतात.

बोधिसत्त्व तिथेच बसला होता. पोराचे म्हणणे खरे आहे हे त्याला ठाऊक होते. घाटावर भांडण नको म्हणून तो गप्प राहिला. बोधिसत्त्व होता म्हणून हे झाकण्याचे कारण नाही.

त्या पावसाळ्यानंतर पैलतीराच्या झाऊच्या रानातून एक शीळ येऊ लागली. तिथे कर्कट नावाच्या लुटारूची टोळी होती. टोळीत पाच पोरे होती. कुंभाराचा एक, कोष्ट्याचा एक, आणि उरलेले तिघे कोणाचे ते त्यांनाही नीट माहीत नव्हते. एकदा उतारू सोडून पिंगल त्या शिळेमागे रानात गेला, तेव्हा कर्कटाने त्याला शेजारी बसवून आपल्या पानातला मासा दिला. म्हणाला, "ही शीळ तुझी. ही वाजली की दुसरं कोणी हलणार नाही. पिंगल्या येईल, नाहीतर कोणीच नाही."

पिंगल मासा न खाता बराच वेळ हातात धरून बसला.

मग शीळ वाजली की तो जाई. आधी नुसती गाठोडी इकडून तिकडे न्यायची असत. पोरे त्याला चिडवत, त्याच्या डोक्यावर टपली मारत, त्याच्यासाठी भाजलेले कंद राखून ठेवत. एकदा त्याला यायला उशीर झाला. कर्कटाने त्याची मान धरून डोके पाण्यात दाबले, दम जाईपर्यंत. वर काढून म्हणाला, "आपलं माणूस म्हणून करतो हे." पिंगलने ते खरे मानले. ज्याला कोणीच आपले म्हटलेले नसते त्याला त्या शब्दाची रास्त किंमत कळत नाही. आपले म्हणणारा पहिला माणूस जे मागतो ते तो देऊन टाकतो.

घाटावर सगळ्यांना हे दिसत होते. पोर बिघडला, असे म्हणून सगळे जेवायला जात.

पौषातल्या एका सकाळी नदीवर असे धुके उतरले की नावेच्या एका टोकावरून दुसरे दिसेना. पिंगलने बांगडीवाल्यांचे एक कुटुंब नावेत घेतले. दोन भाऊ, त्यांची म्हातारी आई आणि एक तान्हे मूल. नाव धुक्यात शिरली आणि शीळ वाजली. पण आज ती रानातून आली नाही. ती नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावरून आली. त्या बेटावर कोणी राहत नाही, तिथून ओरडले तर कोणाला ऐकूही जात नाही.

उतारूंना तिथे नेऊन लुटायचे आणि मारायचे आहे, हे बोधिसत्त्वाला कळले. तो गोमुखाकडे धावला. "त्याच्या बापाची साद घाल आणि सांग की ती त्याची आहे. त्याला यावंच लागेल."

"आणि मी काय करू? घाटावर बसून शेंगा सोलू?" गोमुख म्हणाला. "शिपायांना कळवा दादा. चोराला सूळ आहेच."

बोधिसत्त्व गुडघाभर पाण्यात गेला. तोंडाभोवती तळवे धरून त्याने आपली स्वतःची साद घातली. दोनदा आखूड, एकदा लांब. मग ओरडला, "पिंगल! ही तुझी! आजपासून ही तुझी आहे!"

धुक्यातले वल्हे थांबले.

बेटावरून शीळ आली. बोधिसत्त्वाने साद घातली. पुन्हा शीळ, या वेळी चिडलेली. बोधिसत्त्वाने पुन्हा साद घातली आणि शेवटचा सूर लांबवला, त्याची बायको लांबवी तसा. छातीत दम असेपर्यंत तो लांबवत राहिला. मग नुसते पाणी वाजत होते.

बऱ्याच वेळाने वल्ह्याचा आवाज आला. तो जवळ येत होता.

"हा कसला नावाडी," काठावर उतरताना बांगडीवाल्याची आई कुरकुरली. "जिथून निघालो तिथंच आणून सोडलं. पोराला दिशा तरी कळते का?"

पिंगलने नाव खुंटाला बांधली. तो म्हणाला, "कर्कट म्हणाला होता, फक्त सामान काढून घेऊ. मी काही विचारलं नाही, आजा."

"मीही पंचांत काही विचारलं नव्हतं," बोधिसत्त्व म्हणाला.

"दया म्हणून दिलीस का साद?"

"नाही. उशीर झाला होता म्हणून."

पंच बसले. एक साद दोघांची होत नाही आणि दिलेली परत येत नाही, असे त्यांनी सांगितले. म्हणजे प्रमुख असो की कोणी, म्हाताऱ्याची नाव आता काठावर. बोधिसत्त्वाने मान हलवली. गोमुखाने आपली साद जपून ठेवली.

शीळ काही दिवस वाजली, मग थांबली. टोळीतल्या पाच पोरांना मात्र कोणी साद घातली नाही. उन्हाळ्यात राजाच्या शिपायांनी त्यांना धरून सुळावर दिले. कर्कट निसटला; असले लोक निसटतात.

पिंगल चांगला नावाडी झाला. संध्याकाळी पैलतीरावरून दोनदा आखूड, एकदा लांब अशी साद येई. घाटाच्या पायरीवर बसलेला म्हातारा अर्धा उठे. तेवढ्यात पिंगलची नाव निघालेली असे. म्हातारा पुन्हा बसे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राही.

एवढे सांगून शास्ते म्हणाले, "थेरहो, तेव्हाचा पिंगल म्हणजे आजचा हा श्रामणेर. कर्कट म्हणजे वेशीवरचा तो टोळीवाला. गोमुख आणि हसणारे पंच म्हणजे तुम्ही. पंचांत गप्प बसलेला तो मी, आणि पाण्यात उतरलेला तोही मीच. आता उठा, आणि कोणीतरी वेशीवर जाऊन त्या पोराला नावाने हाक मारा." ही दानपारमितेची, म्हणजे दानाच्या पूर्णत्वाची कथा आहे. जास्तीचे होते ते दिले, असे हे दान नव्हते. एकच होते, ते दिले.

साद देऊन टाकल्यानंतर बोधिसत्त्व सोळा वर्षे जगला. पैलतीरावरून त्याला पुन्हा कोणी बोलावले नाही.