बिनकवाडांची वेस

पाहुणे, ही पळसगव्हाणची वेस. घडीव काळा दगड, अडसराच्या खोबणीसुद्धा आहेत, कवाडं मात्र नाहीत. का नाहीत ते शपथेवर सांगतो, अक्षर न् अक्षर खरं. तीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. बरं, दोनशे म्हणा. शतकं सैल सोडायची आमच्या पाटील घराण्याची सवयच आहे.

आमचे मूळ पुरुष सटवाजी पाटील यांनी या माळावर गाव वसवलं. वेस बांधायला त्यांनी पाथरवटांचा तांडा आणला. तांड्याची कारभारीण यल्लू. ती म्हणाली, "पाटील, पालं ठोकून जीव विटला. आमास्नीबी घर पायजे." पाटील म्हणाले, "वेस उभी राहू दे, वेशीला लागून जागा देतो."

वेस उभी राहिली. जागाही मिळाली, अगदी वेशीला लागून. पण बाहेरच्या अंगाला.

"पाटील, हे आत न्हवं!"

"आत असं मी कधी म्हणालो?"

गाव खो खो हसलं म्हणे.

पुढच्याच सुगीत, भर दुपारी पेंढारी आले, असं सांगतात. धुरळा दिसताच कवाडं लागली. यल्लू बाहेरून घणानं कवाड ठोकू लागली. आतून पाटलांनी विचारलं, "कोण?"

"म्या यल्लू! उघडा!"

"कोण यल्लू?"

"आवाज इसरला व्हय? काल तुमच्याच उंबऱ्याचा दगड बसवला न्हवं?"

"कोण?"

विचारत राहिलं की उघडावं लागत नाही. बाहेर घण थांबला, तरी पाटील विचारतच होते.

धुरळा बसल्यावर कवाडं उघडली. पालं जळत होती, माणूस एकही नव्हतं. पाटलांनी कवाडं उतरवली आणि त्याच आगीत घातली. पुढं कैक वर्षांनी म्हातारी यल्लू आली, पाटलांच्या ओसरीवर पाणी प्याली, "झालं गेलं" म्हणाली आणि निघून गेली.

आजही या गावात दार वाजलं तर कुणी "कोण?" विचारत नाही. नुसतं "या" म्हणतात. परवा माझे मेहुणे न्हाणीघरातून "या" म्हणाले आणि ग्रामसेवक सरळ आत! हसा, हसा.

फक्त एक. यल्लू परत आली, हे मी घातलंय. पाहुण्यांनी तोंडं पाडून जावं, हे मला सोसत नाही. परत कुणीच आलं नाही. आमच्या घरात मात्र "या" जरा मोठ्यानंच म्हणतात.