तिसऱ्या शेडची अंडी

चूक सगळी हेरवाडकर सरांची. कृषी महाविद्यालयाच्या कुक्कुटपालन विभागाचे हे प्रमुख. जन्मभर सरासऱ्या काढल्या, पण सरासरीच्या आत काय आहे ते कधी पाहिलं नाही.

तीन शेडमधली दहा-दहा अंडी तोलून त्यांनी तपासणी समितीसमोर जाहीर केलं, "तिसऱ्या शेडची सरासरी तीन ग्रॅमने कमी. ती शेड सांभाळणाऱ्या हौसाबाई कोंबड्यांचं खाद्य चोरतात. त्यांना आजच कामावरून काढतोय."

हौसामावशींना रडूच फुटलं. मी कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आलो होतो. मला राहवेना.

"सर, तिन्ही टोपल्या एकत्र करा."

"तुझ्या दाखल्यावर माझी सही व्हायचीय, विसरू नकोस!"

"ठेवा तुमच्याकडे."

"करू द्या त्याला," समितीच्या मॅडम म्हणाल्या.

मी सगळी अंडी घमेल्यात मिसळली. "आता डोळे मिटून परत तीन टोपल्या भरा. तुमच्याच हातांनी."

सरांनी चरफडत भरल्या. तोलल्यावर पहिली टोपली सरासरीत चार ग्रॅमने हलकी निघाली.

"बोला, हिचं खाद्य कोणी चोरलं? ही तर तुम्ही भरलीत!"

मॅडम हसायला लागल्या.

"सर, एकाच टोपलीत एक अंडं पंचेचाळीस ग्रॅमचं, शेजारचं साठचं. आतच एवढी तफावत असली की सरासऱ्या एवढ्या हलणारच. संख्याशास्त्रातली ॲनोव्हा चाचणी म्हणून हेच शिकवत होतात ना आम्हाला?"

हौसामावशींचं काम टिकलं. समितीच्या अहवालावरून सरांचं प्रमुखपद त्याच महिन्यात गेलं.