सैल झालेली चावी

घड्याळांना रोज चावी द्यावी लागे, त्या काळातली ही गोष्ट. यमुनाक्का सुईणीच्या मनगटी घड्याळाची चावी सैल झाली होती. ती मिनिटकाट्याला म्हणाली, “मी कधीही निसटेन रे. तू जरा मागे पड, म्हणजे आक्का घड्याळ दुरुस्तीला नेतील.”

“तुझ्यापायी मी चुकीची वेळ दाखवू?” काटा म्हणाला आणि अचूक चालत राहिला.

चारच दिवसांत चावी वाटेतल्या धुळीत पडली. ती पुन्हा सापडली नाही. दुसऱ्या दिवशी घड्याळ थांबलं.

“चावी हलत होती, तेव्हाच का नाही आणलंत?” नवी चावी बसवताना घड्याळजी दस्तगीरभाईंनी विचारलं.

“वेळ तर बरोबर दाखवत होतं,” आक्का म्हणाल्या.

घड्याळ सुरू झाल्यावर काट्याने नव्या चावीला हळूच विचारलं, “नीट बसलीस ना?”