ना ढोल, ना पेटी

“आणि आवाज परत आलाच नाय, तर?”

सुगंधानं ओट्यावर टेकायच्या आधीच विचारलं. विचारलं म्हणजे काय, घशातून नुसती खरखर बाहेर काढली.

गोमाआय जवळा निवडत होती. तिनं सूप बाजूला सरकवलं.

गोमाआय ही खाडीकाठची जुनी धवलारीण. हळद लागण्यापासून वरात निघेपर्यंत बायांनी गायचे सगळे लग्नधवले तिला तोंडपाठ. ना ढोल, ना पेटी. सारा कारभार गळ्यावर. तिच्याकडे शिकलेल्या सुगंधानं पुढे तीन मैत्रिणी जमवल्या आणि हेच धवले रंगमंचावर नेले. रेडिओ झाला, दिल्ली झाली. पोस्टरवर चौघी असायच्या, पण सुगंधाचा चेहरा पुढे आणि मोठा. आपल्या गळ्यावर हा गाडा चालतो, हे ती चारचौघांत बोलूनही दाखवायची.

“डॉक्टर काय बोलतो?”

“घशात गाठ हाय. कापल्यावर आवाज राहील का जाईल, सांगत नाय...”

गोमाआयनं पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

“पण त्याचं एवढं नाय, आये. परवा कार्यक्रमात मधेच माझा गळा बसला. शब्द फुटेना. नुसतं तोंड हलवत उभी राहिले. आणि...”

“धवला मोडला?”

“नाय ना! तिघी गात राहिल्या. टाळ्या पडल्या. कुणाला कळलंसुदा नाय!”

धवला मोडला असता तर ती चार दिवस रडून मोकळी झाली असती. पण तो मोडला नव्हता, आणि तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. आवाज जाईल याची भीती होतीच. आवाज गेला तरी काही अडणार नाही, ही भीती त्याहून वाईट होती.

“उद्या एका लग्नात धवले गायचे हायत. येत नाय म्हणून सांगून टाकते. माझं तिथं काय काम?”

गोमाआयनं हात झटकले. ती सरकून सुगंधाच्या डाव्या अंगाला बसली, खांद्याला खांदा लावून. डोळे मिटले. आणि असा जोरात श्वास ओढला की अंगणातली कोंबडी दचकून पळाली.

सुगंधाचा ऊर आपोआप भरला. तोंड उघडलं. मांडवात उघडायचं तसंच, अगदी त्याच क्षणी. बाहेर नुसती हवा आली.



हा श्वास ओळखीचा होता. लग्नाच्या मांडवात प्रत्येक धवल्याच्या आधी तो असाच डाव्या कानाशी यायचा, की सगळ्या बाया एकदम सूर उचलायच्या. तिथं आपण कधी सुरुवात करायची, हे सुगंधाला दुसऱ्या कशानं कधी कळलंच नव्हतं. श्वास तिला लख्ख आठवत होता. पण त्याच्यामागून येणारा गोमाआयचा सूर...

तो काही केल्या आठवेना.

“आये... तुझा गाण्याचा आवाज कवा गेला?”

“तू पयल्यांदा मांडवात गायला उभी राहिलीस, तवाच.”

“पण त्याच्यानंतर आपण कितीतरी लग्नं गायलो!”

“तुमी गायलात.”

खाडीवर कुणाच्या तरी होडीचं इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. सुगंधा म्हातारीच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं ही बाई आपल्या शेजारी उभी होती, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

“कुणाला कळेल म्हणून... भीती नाय वाटली तुला?”

“वाटायची ना गो. मांडवाच्या दारातच पाय लटपटायचे.”

गोमाआयनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“म्हणून तर श्वास एवढा मोठ्यानं यायचा.”